खालच्या कॅम्पवरचे उपवास

डोंगर चढायला जायचं आणि चार दिवस तंबूत लोळत पडायचं, हे माझ्या स्वभावाला मानवत नाही. मी कॉफीच्या रांगेत उभा असलो तरी पाय आपटत असतो. पण उंच शिखरांची रीतच तशी आहे. आधी वर जायचं, सामान ठेवून यायचं, एक-दोन रात्री विरळ हवेत झोपायचं आणि मग मुकाट्यानं खाली येऊन शरीराला सावरू द्यायचं. खाली आलं की झोप लागते, भूक परत येते, अंगात ताकद भरते. मग शेवटची चढाई. खाली येऊनही ज्याची भूक परत येत नाही, त्यानं पुन्हा वर जायचं नाही. हे आमच्या गाईडनं पहिल्याच दिवशी बजावून सांगितलं होतं, आणि मी ते शहाण्या मुलासारखं वहीत उतरवूनही घेतलं होतं.

ही गोष्ट दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची. आम्ही युकॉनमध्ये होतो, लोगनवर. कॅनडातलं सगळ्यात उंच शिखर हेच. इथं पायथ्याला गाव नाही, वाट नाही. स्कीवर उतरणारं छोटं विमान तुम्हाला हिमनदीवर सोडतं आणि निघून जातं. त्यानंतर दिसेल ते पांढरं.

आम्ही तिघं होतो. गाईड अल्बर्टाची, पन्नाशीची, कमी बोलणारी बाई. दुसरे माझे साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे नागपूरचे, हॅलिफॅक्सला बंदरावर इंजिनिअर, वय सेहेचाळीस. तिसरा मी, पुण्याचा, वॉटर्लूला सॉफ्टवेअरमध्ये, साडूंपेक्षा आठ वर्षांनी लहान. त्यांना मी दादा म्हणतो आणि अहो-जाहो करतो. ते मला अरे-तुरे करतात. दोघांच्या घरांमध्ये विमानाचं अंतर, त्यामुळे वर्षातून एखादी दिवाळी नाही तर उन्हाळ्याची सुट्टी, एवढीच गाठ. फोनवर मात्र आम्ही तासन् तास डोंगरच बोलायचो. बायका म्हणायच्या, या दोघांचंच एकमेकांशी लग्न लावून द्यायला हवं होतं.

हिमनदीच्या पोटात भेगा असतात, म्हणून तिघं एकाच दोरानं बांधलेले. तेव्हा गाईडचा दुसरा नियम असा की एक जण उतरला तर तिघंही उतरणार. तिथं एकट्यादुकट्याचा प्रश्नच नव्हता.

आम्ही वरच्या कॅम्पवर दोन रात्री काढून शुक्रवारी खालच्या कॅम्पवर आलो. खालचा म्हणायचं, पण तोही तेहेतीसशे मीटरवर. विमानाच्या पायलटकडून सॅटेलाइट फोनवर रोज हवामान कळायचं. बुधवारपासून तीन दिवस उघडीप, त्यानंतर मोठं वादळ. म्हणजे बुधवारी सकाळी निघालो तर शिखर, नाही तर घर.

मी या बुधवारासाठी दोन वर्षं घालवली होती. वॉटर्लूच्या हिवाळ्यात कमरेला ट्रकचा टायर बांधून तो बर्फातून ओढत मी कालव्याकाठी चालायचो. लोक मला बघून वाट बदलत. ऑफिसातून तीन आठवडे रजा मिळवण्यासाठी मी कुणाकुणापुढे नाक घासलं ते इथं सांगत नाही. मला ते शिखर हवं होतं, लहान मुलाला हवं असतं तसं.

शनिवारी दुपारी मी स्टोव्हवर खिचडी टाकली. मसाल्याची पुडी घरून आणलेली. साडूंनी ताट हातात घेतलं, वास घेतला आणि बाजूला ठेवलं. गाईडचं लक्ष होतं. रोज सकाळी ती डोकं दुखतंय का, झोप लागली का, भूक आहे का, असं विचारून वहीत खुणा करायची. तिनं भुवया उंचावल्या.

साडू मला म्हणाले, "सांग रे तिला, आज शनिवार आहे. माझा फास्ट असतो."

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा माझा जुना रोग. मी तिला प्रवचनच झोडलं. आमच्यात शनिवारचं महत्त्व काय, मारुती कोण, तोही एकदा डोंगर उचलून घेऊन गेला होता, वगैरे. ती अगदी गंभीरपणे ऐकत होती. धर्माचं नाव निघालं की कॅनेडियन माणूस दोन पावलं मागं सरतो, पुढचं काही विचारत नाही. तिनं भुकेच्या रकान्यात काही तरी लिहिलं आणि वही मिटली. मला तेव्हा बरं वाटलं होतं. इतक्या लांब, इतक्या उंचावर, कुणाला तरी आपलं काही समजावून सांगितलं म्हणून.

साडू उपवास करतात हे मला नवीन होतं. पण पंचेचाळिशी ओलांडली की आपल्याकडचे पुरुष काहीबाही धरतातच. कुणी शनिवार धरतो, कुणी मॉर्निंग वॉक.

रविवारी त्यांनी खिचडीचं ताट घेतलं आणि "उन्हात बसून खातो" म्हणून तंबूच्या मागं गेले. रिकामं ताट घेऊन आले. रात्री पाठ दुखते म्हणून सॅक पाठीशी लावून बसल्या बसल्याच झोपले. खोकत होते, पण तिथल्या कोरड्या हवेत खोकला तिघांनाही होता.

सोमवारी सकाळी ते म्हणाले, "आज सोमवार."

गाईडनं माझ्याकडे पाहिलं. "सोमवारीसुद्धा?"

"शंकर," मी म्हणालो. "डोंगरांचा मालक."

ती हसली. तुमचा देव जेवायला एखादा दिवस ठेवतो की नाही, असं विचारलं. मीही हसलो. साडू हसले आणि त्या हसण्यातून खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना.

उपवास म्हटला की मराठी माणसाची खरी भूक जागी होते. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण काही उगाच पडलेली नाही. म्हणून मी शोधून शोधून शेंगदाण्याची चिक्की काढली, खजूर काढले, उकडलेल्या बटाट्याच्या कापांचं पाकीट होतं तेही काढलं. म्हटलं, दादा, घ्या, तुमचा फराळ. त्यांनी चिक्कीचा तुकडा खिशात टाकला. खजूर नुसता बोटांत फिरवत राहिले. मी समोर बसून ते पाहिलं, आणि मला एवढं साधं कळलं नाही की उपवासाला माणूस चिक्की खातो, खिशात ठेवत नाही. म्हणजे कळलं असेल. मी ते कळू दिलं नाही.

मंगळवारी सकाळी त्यांनी एकादशी सांगितली.

या वेळी गाईड हसली नाही. तिनं त्यांना सोडून मलाच विचारलं, "हे नेहमीचं आहे? तू ओळखतोस त्याला. भूक नाही म्हणून खात नाही, की धर्म म्हणून? मला एवढंच सांग."

साडू माझ्याकडे बघत नव्हते. बुटाच्या नाड्या नीट करत होते.

"धर्म म्हणून," मी म्हणालो. "पंधरवड्यातून एकदा येते. खूप मोठा दिवस असतो."

तिनं मान डोलावली. उद्या सकाळी सहाला निघायचं ठरलं.

दुपारभर मी सामान बांधलं. दोर तपासला, बुटांचे काटे घासले, मोजे वाळवले. साडू तंबूत पडून होते. पाचच्या सुमाराला मी बर्फ आणायला बाहेर आलो. मे महिन्याचा शेवट होता, ऊन भरपूर होतं. पाठीमागच्या धारेवर निळ्या आकाशात चंद्र आला होता. अर्धा. सुरीनं कापून ठेवल्यासारखा बरोब्बर अर्धा.

मी फावडं हातात धरून उभाच राहिलो. पुण्यात असताना आम्ही सह्याद्रीतल्या रात्रीच्या वाटा तिथी बघून ठरवायचो. कुठल्या तिथीला चंद्र किती वाजता उगवतो, किती उजेड देतो, हे मला आजही पाढ्यांसारखं पाठ आहे. एकादशीचा चंद्र एक तर पूर्ण व्हायला आलेला असतो, नाही तर पहाटेची बारीक कोर असते. दिवसाढवळ्या डोक्यावर येणारा अर्धा चंद्र अष्टमीचा. फार तर नवमी म्हणा. एकादशी कुठल्याच हिशेबानं बसत नव्हती.

पहिला विचार आला तो मी आहे तसा सांगतो. चुकले असतील, असा तो विचार होता. इथं दिनदर्शिका कुठं आहे, भारतातली आणि इथली तिथी वेगळी पडते, दिवस मागं-पुढं होतो. तीन दिवस मागं-पुढं होत नाही, हे मला माहीत होतं.

मग मी तंबूच्या मागं गेलो. रविवारी ते जिथं उन्हात बसले होते तिथं बर्फ थापटून सारखा केलेला होता. फावड्याचा एक फटकारा मारला तर खाली हळदीचा पिवळा रंग दिसला. सगळी खिचडी तिथं होती, गोठून दगड झालेली. शेजारी चिक्कीचा तुकडा. शनिवारपासून हा माणूस चहावर आणि सूपच्या दोन-चार घोटांवर होता. खाली येऊन चार दिवस झाले तरी त्याची भूक परत आलेली नव्हती. बसून झोपत होता, कारण आडवं पडलं की श्वास पुरत नव्हता. सगळं एका ओळीत समोर उभं राहिलं.

मी खिचडीवर बर्फ ओढला आणि पायानं दाबला.

का दाबला, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे आणि ते मी कुणाला गोड करून सांगत नाही. सांगितलं असतं तर बुधवार गेला असता. वरवर मात्र मी स्वतःला वेगळं सांगत होतो. ते वडील आहेत. वडीलधाऱ्या साडूला, तेही परक्या बाईसमोर, तुम्ही खोटा उपवास सांगताय असं कसं म्हणायचं? सासुरवाडीत ते कानावर गेलं तर काय होईल? आणि मीच तिला तीन वेळा ग्वाही दिली होती, आता कोणत्या तोंडानं फिरवणार? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, असं मी स्वतःला दहादा ऐकवलं. ही सगळी कारणं खरी होती. पण पिवळा रंग दिसल्यावर ती एकत्र केली तरी पुरत नव्हती, आणि मी ती पुरवून वापरली.

तंबूत गेल्यावर साडूंनी विचारलं, "बर्फ आणला?"

"आणला."

"उद्या वेदर क्लिअर आहे ना?"

"एकदम क्लिअर," मी म्हणालो. "तुम्ही रेस्ट घ्या."

त्या रात्री मी कान टोपीत गुंडाळून झोपलो. तरी त्यांचा श्वास ऐकू येत होता, आत कुठं तरी पाणी खळखळावं तसा. मी कूस बदलली.

बुधवारी सकाळी पाचला उन्हं आली होती. गाईड बाहेर दोर मोकळा करत होती. साडू तंबूच्या तोंडाशी बसून बूट चढवत होते. एका बुटाची गाठ मारली आणि थांबले. तोंड उघडं ठेवून श्वास घेतला, मग दुसऱ्या बुटाकडे हात नेला आणि पुन्हा थांबले. तेवढ्या वेळात मी माझे बूट, पट्टे, हातमोजे, सगळं करून उभा राहिलो होतो. त्यांचे ओठ मळकट निळे दिसत होते. त्यांनी वर बघितलं आणि मला म्हणाले, "चल, दोन मिनिटं."

मला त्यांचा राग आला. खरं म्हणजे माझाच आला असणार, पण निघाला त्यांच्यावर. मी गाईडला इंग्रजीत, मोठ्यानं सांगितलं, "उपवास वगैरे काही नाही. मी चुकीचं सांगितलं. त्यानं शनिवारपासून काही खाल्लेलं नाही. बर्फात पुरून ठेवलंय."

"काय बोलतोयस तू?" साडू मराठीत म्हणाले. "शुद्धीवर आहेस का?"

"दादा, काल एकादशी नव्हती."

गाईडनं हातातला दोर खाली ठेवला. ती आली, त्यांच्या जॅकेटची चेन उघडून पाठीला कान लावला आणि त्यांना श्वास घ्यायला सांगितला. दोन्हीकडे ऐकलं. मग माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की शिवी परवडली असती. "फुप्फुसात पाणी आहे," ती म्हणाली. "आत्ता खाली."

ते चालू शकत होते, पण तिनं चालू दिलं नाही. गोळ्या दिल्या, स्लेडवर बांधलं, आणि आम्ही दोघांनी ती ओढत विमान उतरायच्या जागेपर्यंत नेली. दोन वर्षं टायर ओढलेला मी, तेवढ्यापुरता कामाला आलो. साडू डोळे मिटून होते. मध्ये एकदा त्यांनी माझं नाव घेतलं, मी वाकून त्यांची टोपी कानांवर ओढली.

खाली पोचलो तेव्हा दहा वाजले होते आणि दरीतून ढग वर चढत होता. वरती सगळं लख्ख होतं, शिखराची वाट दिसत होती, आणि आमच्या डोक्यावर मात्र राखेच्या रंगाचं झाकण. पायलट फोनवर म्हणाला, धावपट्टी दिसल्याशिवाय मी येणार नाही. गाईड दर अर्ध्या तासानं फोन लावायची. बारा, एक, तीन. आम्ही पायांत स्की घालून बर्फ दाबत पट्टी तयार करत होतो, पायलटला कड दिसावी म्हणून काळ्या पिशव्या खोचत होतो, आणि ढग हलत नव्हता. साडूंना बसवून ठेवलं होतं. खोकल्याबरोबर आता गुलाबी फेस येऊ लागला. तो मी हातरुमालानं पुसत होतो आणि मनातल्या मनात तास मोजत होतो. काल पाचला बोललो असतो तर नऊला इथं असतो. काल रात्री नऊला इथं ढग नव्हता. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. मी स्वतः तंबूबाहेर येऊन आकाश बघितलं होतं, उद्याच्या चढाईसाठी.

देव-धर्म मी फारसा करत नाही. त्या दिवशी ज्यांच्या नावानं मी गाईडला थापा मारल्या होत्या, त्या दोघांनाही हात जोडले. लाज सोडून जोडले.

संध्याकाळी सातला ढगाला भोक पडलं आणि विमान त्यातून आलं. त्यात जागा तीन माणसांची, पण वजन सांभाळायला हवं, म्हणून गाईड सामानासकट मागं राहिली. पायलट दुसऱ्या दिवशी तिला घ्यायला जाणार होता. दार लावताना ती मला एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी कुणाचा धर्म समजावून सांगू नकोस. जेवला की नाही ते सांग."

व्हाइटहॉर्सच्या हॉस्पिटलात त्यांना ऑक्सिजनवर ठेवलं. गुरुवारी दुपारपर्यंत धोका टळला होता. डॉक्टर म्हणाला, काल वर चढायला लागला असता तर परत आणता आला नसता. मी खुर्चीत बसलो होतो. अंगावर तेच कपडे, तोच वास. साडूंनी डोळे उघडले, नाकातली नळी सारखी केली.

"मी सांगणार होतो," ते म्हणाले. आवाज बसला होता. "रोज सकाळी वाटायचं, आज सांगू. मग तुझं तोंड बघायचो. म्हटलं, माझ्यापायी याचं शिखर जायला नको."

मी शिखरासाठी गप्प, आणि ते माझ्या शिखरासाठी.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "तुला कधी कळलं?"

खोटं बोलणं अगदी सोपं होतं. सकाळी, बूट घालताना, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण चार दिवसांत माझा खोटेपणाचा कोटा संपला होता.

"मंगळवारी. पाचच्या सुमाराला. मागं जाऊन खिचडीही बघितली."

ते छताकडे बघत राहिले. मशीनचा आवाज येत होता. मला वाटलं, झोप लागली.

"म्हणजे एक आख्खी रात्र तू मला तसंच झोपू दिलंस," ते म्हणाले.

"हो."

संध्याकाळपर्यंत आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नाही. नर्सनं काही विचारलं तर ते तिला उत्तर द्यायचे, मी पाणी पुढं केलं की घ्यायचे, बस.

शुक्रवारी सकाळी माझी मेहुणी पोचली. हॅलिफॅक्सहून तीन विमानं बदलून, रात्रभर विमानतळावर बसून आली होती. नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून ती थोडा वेळ तशीच उभी राहिली, मग माझ्याकडे वळली आणि माझे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत तिनं माझे हात कधी धरले नव्हते.

"भाऊजी, तुम्ही होतात म्हणून हे आज दिसतायत मला," ती म्हणाली. "यांचा स्वभाव मला माहीत आहे. मरतील, पण सांगणार नाहीत. तुम्ही कसं ओळखलंत? कधी ओळखलंत?"

मी तोंड उघडलं. सांगायचंच ठरवलं होतं मी, तिला तरी.

"लगेच," पलंगावरून साडू म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते, बायकोकडे बघत होते. "त्यानं लगेच ओळखलं."

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी होकारार्थी मान हलवली.